सभागृहाच्या माळ्यावर

घरात तिला सगळे भागूबाई म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. लहानपणी ती झोपाळ्यावर बसायची नाही, कुत्रा दिसला की रस्ता बदलायची. मोठेपणीही लिफ्टला जरा हिसका बसला की तिचा जीव टांगणीला लागायचा. अशा बाईने इमारती तपासण्याची नोकरी धरावी, शिड्या चढाव्यात, अंधाऱ्या माळ्यांवर रांगावं, याचं तिच्या थोरल्या भावाला कायम हसू यायचं.

"तुला पगारच घाबरण्याचा मिळतो," तो म्हणायचा.

तीही हसायची, पण ते खरंच होतं. सरकारी शाळांच्या इमारती तिच्या खात्याकडे होत्या. भिंतीला तडा कुठून आलाय, जिन्याचा कठडा हलतोय का, छतात पाणी कुठून मुरतंय, हे बघून प्रत्येक इमारतीवर शेरा मारायचा, हे तिचं काम. शेरा चांगला आला तर शाळेला नवे छंदवर्ग मिळायचे, गाण्याचे, नाटकाचे, चित्रकलेचे. वाईट आला तर चालू असलेल्या वर्गांवरही गदा यायची. त्यामुळे ती फाटकात दिसली की मुख्याध्यापक धास्तावायचे. ती स्वतः तर घरून निघतानाच धास्तावलेली असायची.

ही शाळा वाट्याला आली तेव्हा तिने साहेबांना सांगून पाहिलं, "माझी भाची शिकते तिथे. दुसऱ्या कुणाला पाठवता का?"

"दुसरं कुणी आहे कुठे?" साहेब म्हणाले. "आणि तू भाचीचा पेपर तपासायला चालली नाहीयेस."

भावाची ही एकुलती एक मुलगी. अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ती बोलताना अडखळायची. एकेका शब्दाशी झगडून थकायची आणि मग गप्प बसायची. नाटकाच्या वर्गात जायला लागल्यापासून मात्र काहीतरी बदललं होतं. दुसऱ्या कुणाचं बोलणं बोलायचं असलं की तिची जीभ अडत नव्हती. हल्ली ती घरातला फोनही उचलायची. भाऊ हे सगळ्यांना सांगत सुटला होता.

शाळा सुटायच्या सुमाराला भागूबाई तिथे पोचली. मुख्याध्यापिका उंच, झपाझप चालणाऱ्या, बोलण्यात लोणी आणि नजरेत धार असलेल्या बाई होत्या. त्यांनी वर्ग दाखवले, प्रयोगशाळा दाखवली, जेवणाची खोली दाखवली. सगळं जुनं, पण ठाकठीक. चालता चालता त्या म्हणाल्या, "आमचं सभागृह बघितलंत की तुम्ही खूश व्हाल. पुढच्या वर्षी आम्हाला संगीताचा वर्गही हवाय. तुमच्या शेऱ्यावर सगळं अडलंय हो."

सभागृहात नाटकाची तालीम चालली होती. नाटकाचे सर, एक सडपातळ तरुण, टाळ्या वाजवून ठेका देत होते आणि सैनिक झालेली पोरं पाय आपटत फिरत होती. चिमणीने आत्याला पाहिलं, डोळे मोठे केले आणि लगेच सैनिकासारखी ताठ झाली.

कोपऱ्यातल्या झडपेतून भागूबाई माळ्यावर चढली. वर वाकून चालण्याइतकीही जागा नव्हती. तोंडात धूळ, हातात बॅटरी, गुडघ्यांखाली अरुंद फळी. छताचा भार लांबच लांब लाकडी तुळयांनी पेलला होता. एकेक तुळई ठोकत ती पुढे सरकत होती. आवाज खणखणीत येत होता. शेवटच्या तुळईशी मात्र वास बदलला. ओल्या गोणपाटासारखा, कुबट. बाहेरची पन्हळ तिथे फुटली असणार आणि पाणी कित्येक पावसाळे भिंतीत झिरपत असणार. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरत होतं तिथे तिने पेचकस टेकवला. जोर न लावताच तो मुठीपर्यंत आत गेला.

तिने बॅटरी जवळ नेली. टोकापासून हातभर अंतरावर एक चीर होती. जुन्या चिरेत धूळ बसते, जाळी लागतात. ही आतून पांढरी होती, नुकत्याच सोललेल्या फांदीसारखी. खाली पोरांनी एकदम पाय आपटले आणि त्या चिरेतून चिमूटभर भुसा सांडला. पुन्हा पाय आपटले, पुन्हा भुसा.

तिचं अंग गार पडलं. हात हलेना. आपण हललो तर आपल्याच वजनाने हे खाली जाईल असं वाटून तिने श्वास रोखला. खालून एक स्वच्छ, न अडखळणारा आवाज आला. "राजेसाहेब, शत्रू वेशीपाशी आलाय." चिमणी बोलत होती.

भागूबाई कशी मागे सरकली हे तिला नंतर कधीच नीट आठवलं नाही. शिडीवरून ती खाली उतरली. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडलं तर पोरं घाबरून मोठ्या दाराकडे धावतील आणि मोठं दार नेमकं त्या तुळईच्या खाली होतं.

ती मुख्याध्यापिकांजवळ गेली. "रंगमंचामागच्या दाराची किल्ली द्या."

"ते दार आम्ही वापरत नाही. का, काय झालं?"

"मुलांना तिकडून बाहेर काढायचंय. आत्ता."

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला, मग कठोर झाला. "बाई, ही इमारत आमच्या जन्माच्या आधीपासून उभी आहे. पालक फाटकापाशी आलेत. असा गोंधळ घातलात तर उद्या एक मूल येणार नाही वर्गाला. तुमचे साहेब काय म्हणतात ते तरी विचारा."

"नंतर विचारते."

"आणि तुमचा अंदाज चुकला असेल तर?"

हा प्रश्न तिला माळ्यावरच पडला होता. "चुकला असेल तर माझी नोकरी जाईल," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की मुख्याध्यापिकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. घामाने भिजलेलं कपाळ, एकमेकांत घट्ट अडकवलेले हात. त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला.

नाटकाच्या सरांना तिने फक्त एवढंच सांगितलं, "छत धड नाही. पळू देऊ नका. मोठ्या दाराकडे नको." सरांनी एकदा वर पाहिलं आणि ते पोरांकडे वळले.

"सैन्याला हुकूम. मागच्या दाराने मैदानात जायचंय. मांजरीच्या पावलांनी. ज्याच्या पावलाचा आवाज झाला तो बाद."

कुलूप गंजलं होतं. मुख्याध्यापिका किल्ली फिरवत होत्या, काढत होत्या, पुन्हा घालत होत्या. पोरं रांगेत तोंडावर बोट ठेवून हसू दाबत उभी होती. भागूबाई सभागृहाच्या मधोमध उभी राहून छताकडे बघत होती. तिथे उभं राहून काहीच साधणार नव्हतं, हे तिला कळत होतं, पण नजर काढली तर ते पडेल असं वाटत होतं. अखेर कुलूप उघडलं. एकेक पोर चवड्यांवर बाहेर गेलं. चिमणी शेवटून दुसरी होती, आणि इतकी हळू, इतकी मन लावून चालत होती की भागूबाईला तिला उचलून पळावंसं वाटलं.

सगळे बाहेर आले. छत पडलं नाही.

ते त्या दिवशी पडलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. सभागृहाला टाळं लागलं, छंदवर्ग बंद झाले. पालकांनी मुख्याध्यापिकांना धारेवर धरलं, मुख्याध्यापिकांनी साहेबांना. साहेब म्हणाले, "दुसरा तज्ज्ञ बोलावलाय. तोवर तू देव पाण्यात घालून बस."

भावाचा फोन आला. तो ओरडला नाही, ते जास्त लागलं. "पोरगी पुन्हा बोलेनाशी झालीय. तू घाबरतेस ते माहितीय गं आम्हाला. पण दरवेळी तुझ्या घाबरण्यापायी दुसऱ्यांनी..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं.

ती रोज कचेरीत जाताना वाट वाकडी करून शाळेवरून जायची. छप्पर तसंच, कबुतरं बसलेली. एकदा तिच्या मनात आलं, पडलं का नाही अजून. आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. त्या दिवशी ती तशीच शाळेत शिरली आणि जेवणाची खोली पुन्हा, पायापासून छतापर्यंत तपासली. मग मुख्याध्यापिकांना म्हणाली, "टेबलं भिंतीला लावलीत तर इथे तालीम होईल. ही खोली पक्की आहे. सही करते मी."

"तुम्ही?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"हो. दोनदा बघितलीय."

तज्ज्ञ आले. केस पिकलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांनी आधी तुळईखाली लोखंडी टेकू उभे करायला लावले, मगच गवंड्याला भिंत फोडायला सांगितलं. साहेब, मुख्याध्यापिका आणि भागूबाई मागच्या दारात उभे होते. गिलावा निघाला, दोन विटा निघाल्या, आणि तुळईचं टोक भिंतीतून आपोआप सुटलं. धप्प असा आवाज झाला, टेकू कण्हले, सगळ्या सभागृहात धूळ भरली. तुळई टेकूंवर येऊन बसली होती. भिंतीतल्या खोबणीत काळा, ओला चोथा उरला होता.

"कशावर उभी होती कुणास ठाऊक," तज्ज्ञ म्हणाले.

मुख्याध्यापिका पायरीवर मटकन बसल्या. त्या मोठ्या दाराकडे बघत होत्या. "रोज मी तिथे उभी राहून पोरांना निरोप द्यायचे," एवढंच बोलल्या. भागूबाई बागेच्या नळापाशी गेली आणि तिला उलटी झाली.

नाटक जेवणाच्या खोलीत झालं. भाऊ आपली खुर्ची सोडून भागूबाईच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. माफी मागणं त्याला जमत नसे. त्याने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. नाटक संपल्यावर चिमणी रंगवलेल्या मिशांसकट धावत आली.

"आत्या, त... त्या दिवशी तू घाबरली होतीस?"

"खूप."

"मला कळलंच नाही. मला वाटलं तू र... रागावलीस." तिने हाताने मिशी पुसली. "अजून वाटते भीती?"

भागूबाईने होकारार्थी मान हलवली. हे सभागृह बांधणाऱ्या कंत्राटदाराने त्याच काळात बांधलेली आणखी सभागृहं शहरात होती, तशाच तुळया, तशाच पन्हळी. साहेबांनी सगळी तिच्याकडेच दिली होती. सोमवारी सकाळी त्यांतल्या पहिल्या शाळेत ती शिडीच्या तळाशी उभी राहिली. तिने एक पाय पायरीवर ठेवला, पुन्हा खाली घेतला. शिपाई म्हणाला, "मी चढू का, बाई?"

"नको," ती म्हणाली. "तुम्ही फक्त शिडी धरा. घट्ट."