फक्की मारायला लागायचा तेवढा वेळ

माझ्या नातीने उपांत्य सामना मुद्दाम घालवला, आणि मी खुर्चीत बसून हात वर करून तिला तो घालवायला लावला, अशी एक हकिकत गेले काही महिने काळेवाडीपासून भोसरीपर्यंत सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या दिवशी मैदानावर नव्हते, आणि जे होते त्यांचे डोळे गुणफलकावर होते. मी कंपनीच्या संघातून कबड्डी खेळलो, खेळाच्याच जोरावर या पट्ट्यात नोकरीला लागलो आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी साथ दिली तोवर पंच म्हणून शिट्टी वाजवली. माझ्या उपस्थितीत घडलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेण्याची मला सवय नाही. तेव्हा जे घडले ते मीच लिहून ठेवतो.

सामना मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला होता. दिघीतले पटांगण, वर मांडव, खाली मॅट, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. नात डावा कोपरा सांभाळते. समोर चाकणकडच्या एका कॉलेजचा संघ होता आणि त्यांच्याकडे एक सडसडीत, उंच मुलगी होती. बचावात तीही डाव्या कोपऱ्यातच उभी राहायची आणि चढाईलाही जायची. पूर्वार्ध संपत आला असताना ती आमच्या हद्दीत आली. नातीने तिचा घोटा धरला. पकड स्वच्छ होती. यावर ज्याला वाद घालायचा असेल त्याने माझ्याकडे यावे. मुलगी पुढे झेपावली आणि तिचे डोके आमच्याच मधल्या मुलीच्या गुडघ्यावर आपटले. आवाज माझ्या खुर्चीपर्यंत आला.

ती आपली आपण उठली. बाद झाली होती, म्हणून बाहेर जाऊन बसली. पुढच्याच चढाईत त्यांनी आमची मुलगी पकडली, गुण मिळाला, आणि नियमाप्रमाणे बाद झालेली ही मुलगी पुन्हा आत आली. एक चढाई संपली की पाच सेकंदांत दुसरी सुरू करावी लागते. या गडबडीत तिच्या तोंडाकडे पाहायला कोणाला सवड होती? शिट्टी झाली, मध्यंतर आले. मध्यंतरात तिचे प्रशिक्षक तिला बोटे नाचवून डावपेच सांगत होते आणि ती मान हलवत होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीत माझा जुना मित्र होता. तो दिघीच्याच जुन्या घरातला. आम्ही दोघे कंपनीच्या एकाच संघातून खेळलो, आणि आता तो स्पर्धेच्या समितीवर आहे. समितीपुढे तेव्हा एक सूचना आलेली होती. एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षिकेने ती मांडली होती: डोक्याला मार लागला की घड्याळ थांबवावे, आणि ती खेळाडू परत आत येण्यापूर्वी पंचाने तिच्याशी दोन शब्द बोलावेत. एवढ्यावरून आमच्या भागात दोन तट पडले होते. मित्र विरोधात होता.

"थांबून थांबून खेळायला हे काय बुद्धिबळ हाय व्हय?" तो म्हणाला. "आमी डोकं फुटलं तरी हळद दाबून उभं ऱ्हायलो. खेळ कुणासाठी थांबला न्हाई."

आपल्या काळाविषयी इतके खोटे बोलणारा माणूस माझ्याच संघात खेळला होता, याचा मला राग आला. मी त्याच्याकडे वळलो. त्याला विचारले, की हळद दाबायला तुला वेळ कोणी दिला? आम्ही मातीवर खेळायचो. मैदानाच्या रेषा चुन्याच्या, फक्कीच्या असायच्या. एक झटापट झाली, पाच-सहा जण मध्यरेषेवर कोसळले, की रेषा पुसली जायची. मग फक्कीवाला डबा घेऊन यायचा, एक हात वर करायचा आणि वाकून रेघ ओढू लागायचा. त्याचा हात खाली येईपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. खुद्द सरपंच, म्हणजे मुख्य पंचही नाही. तेवढ्यात आम्ही हातांना माती चोळायचो, धापा टाकायचो आणि एकमेकांकडे पाहायचो. कोणाच्या भुवईतून रक्त येते आहे, कोण भलतीकडेच बघतो आहे, हे सगळ्यांना दिसायचे. खेळाडूंच्या काळजीने हा नियम कोणी केलेला नव्हता. चुना पुसला जायचा म्हणून खेळ थांबायचा. मॅटवरची रेषा पुसली जात नाही, म्हणून आता तो थांबत नाही. एवढे साधे हे आहे.

हे सांगताना मी फक्कीवाल्यासारखा हात वर केला. मॅटकडे माझी पाठ होती.

तेवढ्यात हशा उठला. मांडवभर हशा. मी वळून पाहिले, तर उत्तरार्ध सुरू होण्याच्या बेतात होता. मध्यंतरानंतर बाजू बदलतात. चाकणचा संघ पलीकडे गेला होता, आणि ती उंच मुलगी मात्र अलीकडेच, पूर्वार्धातल्या आपल्या जागी, म्हणजे आता आमच्या डाव्या कोपऱ्यात, येऊन उभी राहिली होती. माझ्या नातीचा हात धरून. स्पीकरवरून समालोचक म्हणाला की पाहुण्या ताईंना आमचा संघ फारच आवडलेला दिसतो. लोक शिट्ट्या मारू लागले. पंचांनी हसत पलीकडे बोट दाखवले. ती हलली नाही. मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ दाखवले आणि वेळ काढू नका, असा इशारा केला.

बाजू चुकणारे खेळाडू मी पाहिले आहेत. ते जीभ चावतात आणि पळत सुटतात. शिवाय बचावाच्या साखळीत आम्ही मनगटाला मनगट धरतो. हिने नातीची बोटे धरली होती, रस्ता ओलांडताना लहान मूल धरते तशी. हे मला दिसले. आजूबाजूला शेकडो माणसे हसत होती; त्यांत पंच होते, शिक्षक होते, मुलींचे आईबाप होते. त्या हशाचा धक्का मला आजही बसतो.

नातीने तिच्याकडे पाहिले, पंचांना हात करून काहीतरी सांगितले, ते स्पीकरच्या आवाजात कोणाला ऐकू गेले नाही. मग ती त्या मुलीला धरून सरळ मैदानाबाहेर चालू लागली. परवानगीविना मैदान सोडले म्हणून पंचांनी तिला काही मिनिटे बाहेर बसवणारे कार्ड दाखवले आणि समोरच्या संघाला तांत्रिक गुण दिला. गुणलेखकाच्या टेबलापाशी पोहोचल्यावर ती मुलगी खाली बसली, तिला उलटी झाली, आणि मग ती आडवी पडली.

आता हसणे थांबले. पण खेळ थांबला नाही, हे लोक विसरतात. मुलीला कोणाच्या तरी गाडीत घालून नेले, टेबलाखाली फडके फिरवले, आणि सामना पुन्हा सुरू झाला. मांडवात प्रक्षेपणाचा कॅमेरा होता, पुढचे दोन संघ कपडे करून बसले होते. कार्ड मागे घ्या असे सांगायला मी टेबलापाशी गेलो, तेव्हा नियम म्हणजे नियम, असे उत्तर मला मिळाले. ज्याने ते दिले त्याला शिट्टी धरायला मी शिकवले होते. नात बाहेर बसलेली असताना आमच्या सगळ्या मुली बाद होऊन आमच्यावर लोण चढला आणि आम्ही हरलो.

त्या रात्री ती जेवली नाही. फार विचारल्यावर एवढेच बोलली, "आजोबा, ती मला म्हणाली, धरून ठेव गं, मला रेषा दिसत नाहीये."

मुलीच्या डोक्यात रक्त साकळले होते. शस्त्रक्रिया झाली. ती वाचली.

तिच्याविषयीच्या हकिकती दुसऱ्या दिवशीच तयार झाल्या. ती उपाशी होती; तिला उन्हाचा त्रास झाला; ती वेळ काढत होती आणि मग घाबरली. मांडवाखाली ऊन कुठले, हे कोणी विचारले नाही. आमच्या बाजूची हकिकत याहून वाईट निघाली. नातीच्या प्रशिक्षकांनी सांगितले, की आजोबा पूर्वीपासून त्या सूचनेच्या बाजूचे. त्यांनी हात वर करून खूण केली आणि पोरीने सूचनेचा तमाशा उभा करायला सामना सोडला. हात वर झालेला तीन जणांनी पाहिला होता. प्रक्षेपणातही तो दिसत होता, कडेला, अर्धा. नातीला संघातून वगळले. विद्यापीठाची निवड चाचणी तोंडावर होती आणि तिथे जाण्यासाठी कॉलेजने नाव पाठवावे लागते. सहावीपासून ही मुलगी पहाटे उठून सरावाला जाते आहे. तिने कोणाकडे तक्रार केली नाही, फक्त सरावाची पिशवी कपाटावर ठेवली. त्या पिशवीकडे पाहून मला जे वाटे ते मी इथे लिहीत नाही.

समितीच्या बैठकीत सूचना आणि नातीचे प्रकरण एकदमच निघाले. प्रशिक्षकांनी मोबाइलवर प्रक्षेपण लावून माझा हात सगळ्यांना दाखवला. मी उभा राहिलो आणि म्हणालो की हात माझाच आहे. तो कशासाठी वर गेला हे माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला विचारा.

माझा मित्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्याने चष्मा पुसायला घेतला. त्याची अडचण मला कळत होती. खरे सांगायचे तर त्याला फक्कीवाला सांगावा लागणार होता, आणि फक्कीवाला सांगितला की त्याचे स्वतःचे म्हणणे गेले. सूचनेविरुद्ध तो गावोगाव बोलला होता. मी मागे बसलेल्या नातीकडे पाहिले नाही. मित्र गप्प राहिला असता, तर आमची चाळीस वर्षांची मैत्री मी त्याच टेबलावर सोडून आलो असतो.

"हात वर केला व्हता," तो शेवटी म्हणाला. प्रशिक्षकांनी मान डोलावली. "पर माझ्या म्होरं. भांडत व्हता माझ्याशी. मॅटकडं पाठ व्हती त्याची, अन् पोरगी त्याच्या पाठीमागं. त्याला ती दिसतच नव्हती, खूण कुणाला करंल?"

भांडताना असा सरळ हात कोण वर करतो, असे अध्यक्षांनी विचारले. मित्राने माझ्याकडे पाहिले. मग तो उठला आणि वाकून, एक हात वर धरून, टेबलाच्या कडेने हवेत रेघ ओढीत दोन पावले चालला. त्याचे गुडघे माझ्याइतकेच गेलेले आहेत. कोणी हसले नाही.

"फक्कीवाला असा करायचा," तो म्हणाला. "रेघ मारून होईस्तवर कुणी हलायचं न्हाई."

"म्हणजे तुमच्या वेळी खेळ थांबायचा?"

"थांबायचा की." तो खाली बसला. "दर चार चढायांना थांबायचा. मी इसरलो व्हतो, राव."

तो विसरला नव्हता. त्याने ते सोयीने बाजूला ठेवले होते. पण हे मी त्याला बैठकीबाहेर, चहा पिताना सांगितले, आणि त्याने चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

नातीचे नाव चाचणीसाठी गेले. सूचना आमच्या स्पर्धांपुरती मान्य झाली. प्रशिक्षक आता सांगतात की ते पहिल्यापासून तिच्या बाजूचे होते. ही त्यांची हकिकत मी भेटेल त्याच्याजवळ खोडून काढतो. घड्याळ आता थांबते. मात्र ते थांबले रे थांबले की स्पीकरवाला गाणे लावतो, आणि जखमी मुलीला प्रश्न विचारायला पंचांना तिच्या कानाशी ओरडावे लागते. त्यावर माझे लेखी निवेदन दिलेले आहे.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात नात मला घेऊन चाकणला गेली. मुलगी घराबाहेर, जिन्याच्या पायरीवर उन्हात बसली होती. डोक्यावर नुकते केस उगवत होते. ती हसली, आम्हाला पाणी आणायला आत ओरडून सांगितले, आणि मग नातीला विचारले, "तू कुठल्या टीमची गं?"

 त्या मुलीला पकड आठवत नव्हती, मध्यंतर आठवत नव्हते, कोणाचा हात धरला तेही नाही. सकाळी बसमध्ये चढल्याचे तेवढे आठवत होते. आता खेळायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली आहे, हे तिने पाण्याचा तांब्या पुढे करता करता सांगून टाकले. मी तांब्या घेतला.

"आम्ही जिंकलो असं म्हणतात," ती म्हणाली. "पण मी काय केलं ते कुणी धड सांगत नाही. सगळे विषय बदलतात."

"तुम्हीच जिंकलात," नात म्हणाली. "दुसऱ्या हाफचा पहिला गुण तुझ्यामुळे मिळाला."

"चढाईत?"

"हो. आमच्या कोपऱ्यापर्यंत आलीस. मला घेऊनच बाहेर गेलीस."

मुलीने मान मागे टाकून डोळे मिटले, जणू ती चढाई तिला दिसत होती. नातीने माझ्याकडे पाहिले. मी आता काहीतरी दुरुस्त करीन, अशी भीती तिच्या डोळ्यांत होती. मी पाणी प्यायलो. त्या सामन्याच्या सगळ्या हकिकतींपैकी एवढी एक मी कोणाहीजवळ खोडलेली नाही, आणि कोणी खोडू पाहिली तर त्याची माझ्याशी गाठ आहे.