दाब... धर... सोड

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बहुधा नसेल. या ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक अनुभवात मी आजवर खुसपटंच काढत आलोय. आज माझी पाळी... काढा खुशाल.

आम्ही जव्हारला राहतो. गोष्ट गेल्या दिवाळीतली, पाडव्याची. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मामा मोखाड्याकडे, पोशेऱ्याला असतात. दरवर्षी तेच एसटीने येऊन आईकडून ओवाळून घेतात. त्या वेळी त्यांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून आईने ठरवलं की आपण जायचं. तिचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत, म्हणजे आमचीच गाडी काढायला हवी. आणि ती तर ब्रेक मारला की उजवीकडे ओढायला लागलेली! मोखाड्याच्या वळणांवर असली गाडी नेणार कोण?

गॅरेजवाला दिवाळीला गावी गेलेला. म्हटलं, घरीच करू. ब्रेकचे रबरी सील आणि नवे पॅड मी नाशिकहून आधीच आणून ठेवले होते. चाक काढलं तर डाव्या कॅलिपरचा, म्हणजे चाकाला आवळणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन अडकून बसलेला; त्या बाजूचा ब्रेक लागतच नव्हता. तो काढला, घासूनपुसून घेतला, सील बदललं, पिनांना ग्रीस लावलं, पॅड बसवले. ओट्यावर मांडलेला हा सगळा बाजार बघून आईने जाहीर केलं की ती या गाडीत बसणार नाही. तिचंही बरोबरच होतं म्हणा — मी मिक्सर दुरुस्त केल्यापासून आमच्याकडे चटणी पाट्यावर होते. पण मामांसाठी भरलेला करंज्यांचा डबा ती परत कपाटात ठेवायला गेली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आता राहिलं होतं हवा काढायचं. कॅलिपर उघडला की ब्रेकच्या नळीत हवा शिरते, आणि ती काढल्याशिवाय ब्रेक नीट लागत नाही. हे काम दोघांचं. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून हवा आणि तेल बाहेर जाऊ द्यायचं, निपल पुन्हा आवळायचं, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. घाई केली की हवा परत आत!

बायकोला, म्हणजे सुनंदाला, ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मी डाव्या चाकापाशी जमिनीवर आडवा झालो. तिथून आतलं काही दिसत नाही. मी ओरडायचो, "दाब... धर... सोड." सुरुवातीला ती पाय आधीच उचलायची, मी तिच्यावर चिडायचो, ती माझ्यावर. मग एकदम जमलं. 'दाब' म्हटलं की पेडल खाली, आणि 'सोड' म्हणेपर्यंत हलायचं नाव नाही. निपलला नळी लावून खाली ठेवलेल्या बाटलीत आधी बुडबुडे आले, मग निव्वळ तेल. मी खूश होऊन म्हटलं, आता कशी शहाण्यासारखी धरतेस! उत्तर आलं नाही. आमच्या घरात असल्या वाक्याला उत्तर आल्याशिवाय राहत नाही, इथेच मला शंका यायला हवी होती.

हात पुसत उठलो. सीट रिकामी. सुनंदा समोरच्या वहिनींच्या ओट्यावर चहा पीत बसलेली.

चकलीचा सोऱ्या परत द्यायला ती केव्हाच गेली होती. मला सांगून गेली होती आणि मी 'हं' म्हणालो होतो म्हणे. मग तिनेच मला विचारलं, "आत कोण बसलंय? मला वाटलं, तुम्ही कुणाला तरी बोलावलंत." गाडीची पाठ त्यांच्या ओट्याकडे होती. ब्रेकचा मागचा लाल दिवा लागताना आणि विझताना दोघींनीही पाहिला होता. म्हणून तर बाई निवांत चहाला बसल्या!

पेडल दाबून पाहिलं. अगदी घट्ट, हवा पार निघून गेलेली.

निपल उघडं असलं की पेडल न दाबताही तेल आपल्या वजनाने गळतं, हे मला ठाऊक आहे. पण दिव्याचा स्विचही नंतर तपासून घेतला. पेडल दाबल्याशिवाय तो लागत नाही. कुणी आत बसून गेलं म्हणावं, तर ड्रायव्हरचं दार त्या दोघींच्या डोळ्यांसमोर होतं... ते उघडलंच नाही. याच्या पुढे माझं विज्ञान जात नाही.

खरं सांगतो, मी टरकलो. उद्या जाणं रद्द, असं सांगायला आईकडे गेलो आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. ऐकून ती उठली आणि तिने करंज्यांचा डबा बाहेर काढला. "तू एकल्यानं केलं असतं तर मी बसलेच नसते," ती म्हणाली. "आता बसते."

भाऊबिजेला सकाळीच निघालो. सुनंदा पुढे, आई मागे. एकेका वळणावर जीव मुठीत धरून ब्रेक लावत होतो, आणि गाडी दर वेळी सरळ रेषेत थांबत होती. पोशेऱ्याला मामा अंगणातल्या खाटेवर पाय लांब करून वाट बघत होते. आईला पाहून प्लास्टरसकट उठायला लागले. मी धावत जाऊन मागचं दार उघडलं. आई उतरली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि आतल्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाली, "उतरा, आला पोशेरा."

आणि डबा घेऊन भावाकडे चालायला लागलीसुद्धा. मी मात्र दार तसंच उघडं धरून उभा राहिलो... उतरायला वेळ लागत असेल एखाद्याला.