टेबलाबाहेर गेलेला हात

भीती या विषयातला अधिकारी माणूस नाशिक जिल्ह्यात कोणी असेल, तर ते आमचे थोरले साडू. घाबरण्याची स्पर्धा भरली असती तर पहिला नंबर त्यांचाच होता. पण बक्षीस घ्यायला स्टेजवर चढावं लागेल, या भीतीने ते स्पर्धेला गेलेच नसते. माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणजे आमच्या अक्का, लग्न होऊन इंदिरानगरात आल्या तेव्हा साडूभाऊंनी मुद्दाम तळमजल्यावरचं घर घेतलं होतं, कारण वरच्या मजल्याला भूकंपाचं भय. मग एका पावसाळ्यात गोदावरीला पूर आला आणि त्यांना तळमजल्याची भीती वाटू लागली. इंदिरानगरात नदी येत नाही, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "अजून आलेली नाही." स्कूटर स्टँडवर लावली की चार पावलं जाऊन ते परत येत आणि ती नीट उभी आहे ना, हे हात लावून बघत. एकदोनदा ती त्या हात लावण्यानेच पडली. विजेच्या बटणाला ते रुमालाशिवाय शिवत नसत. टपालपेटीत पत्र टाकताना तर बघण्यासारखा सोहळा असे. पत्र अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि हे दोन बोटांत ते धरून उभे. पत्ता बरोबर आहे ना, आत लिहिलेलं कोणाला लागणार नाही ना, असा विचार चाललेला. मागे माणसं खोळंबत. एकदा मी कंटाळून म्हटलं, सोडा आता. तर म्हणाले, "सोडलं की माझं राहत नाही हो ते."

अशा माणसाला जगात एकच जागा निर्धास्त वाटायची, ती म्हणजे कॉम्प्युटरमधला डेटाबेस. दिंडोरी रस्त्यावर द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज होतं, तिथे ते कॉम्प्युटर सांभाळत आणि त्यांच्याच शब्दावर मी तिथे माल पाठवण्याच्या खात्यात चिकटलो होतो. कोणत्या खोलीत कोणाचा माल, किती पेट्या, आत थंडी किती, हे सगळं त्यांच्या टेबलांत, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यांत, असायचं. तिथे साडूभाऊ वेगळेच दिसत. पाठ ताठ, बोटं भराभर चाललेली, ओठांवर बारीक शीळ. मी याचं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी मला रोलबॅक समजावून सांगितला. टेबलात काही बदललं आणि ते चुकलं, तर पक्कं करण्याआधी एक शब्द लिहायचा, की सगळं होतं तसं होतं. जणू काही घडलंच नाही. "अशी दुसरी जागा दाखवा मला," ते म्हणाले. 

ही सुखाची जागा कोल्ड स्टोरेजच्या मालकांनी, आमच्या शेठनीच मोडली. त्यांनी खोल्यांच्या दारांना मोटारी बसवून घेतल्या. मोटारवाल्या कंपनीच्या इंजिनीअरने सोबत एक छोटा प्रोग्रॅम दिला. तो चालवला की दार सरकून बंद होई आणि आतले थंडीचे पंखे सुरू होत. शेठच्या मनात आलं, की तो प्रोग्रॅम तरी माणसाने कशाला चालवायचा? टेबलात खोलीपुढे 'भरली' असं लिहिलं, की डेटाबेसनेच तो बाहेरचा प्रोग्रॅम चालवावा, आणि 'भरली'ची 'रिकामी' लिहिली की दार उघडावं. याला ट्रिगर म्हणतात, नोंद बदलली की आपोआप सुटणारा हुकूम. इंजिनीअर म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे. साडूभाऊ पांढरे पडले. टेबलाने टेबलापुरतं बघावं, बाहेर हात घालू नये, आतलं मागे घेता येतं पण बाहेर गेलेलं येत नाही, असं ते शेठना नाना परींनी सांगत राहिले. शेठनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, की तुम्हाला भीती वाटत असेल तर दुसरा माणूस बघू.

नोकरी जाण्याची भीती त्या दिवशी दुसऱ्या भीतीपेक्षा मोठी ठरली. साडूभाऊंनी ट्रिगर लिहिला. पण लिहिल्यापासून त्यांची शीळ बंद झाली. एखाद्या खोलीपुढे 'भरली' लिहिलं, की ते खुर्चीतून उठून लगबगीने अंगणात जात आणि दार खरंच कसं सरकतं ते बघत. हमाल हसायचे. मीही हसायचो. अक्का सांगायच्या, जेवताना घास हातात धरून ते मध्येच थांबतात आणि घराच्या दाराकडे बघत बसतात.

हंगाम ऐन भरात होता. त्या दुपारी माल मागच्या गोदामात हलवून खोल्या धुवायला काढल्या होत्या, सगळी दारं उघडी होती. सुपरवायझरचा फोन आला, की चार नंबरमध्ये नवा माल लागलाय, तेवढी खोली 'भरली' करा. तेवढ्यात शेठ येऊन साडूभाऊंच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि मुंबईची गाडी कधी निघणार, म्हणून विचारू लागले. साडूभाऊंनी एका कानाने ते ऐकत हुकूम लिहिला आणि त्यात 'खोली नंबर चार' ही अटच लिहायची राहिली. मी समोरच बसलो होतो. बाहेरून दार सरकल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या दाराचा. मग तिसऱ्याचा. साडूभाऊंनी स्क्रीनकडे पाहिलं, सगळ्या खोल्या 'भरली'. त्यांनी तत्काळ रोलबॅक केला. स्क्रीनवर सगळ्या खोल्या पुन्हा 'रिकामी' झाल्या. जणू काही घडलंच नव्हतं.

बाहेर मात्र सगळी दारं बंद होती आणि पंखे घरघरत होते. रोलबॅक ही नवी नोंद नव्हे; टेबलाच्या मते खोल्या कधी भरल्याच नव्हत्या, त्यामुळे दारं उघडायचं कॉम्प्युटरला काही कारणच उरलं नव्हतं. टेबलात पुन्हा काही लिहून बघायला साडूभाऊंचा हात धजेना. तेवढ्यात सुपरवायझर धावत आला. फरशी पुसायला सुरगाण्याहून हंगामापुरत्या मजुरीला येणाऱ्या तीन बायका एका खोलीत गेल्या होत्या. कोणत्या, ते त्याला ठाऊक नव्हतं. मोटारी बसवताना दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या होत्या.

साडूभाऊंना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एकेका दाराला ते कान लावत होते. दारं वीतभर जाड, त्यात पंख्यांचा आवाज, काही ऐकू येईना. मोटारीने दार असं धरून ठेवलं होतं की आम्ही चौघांनी ओढूनही हललं नाही. इंजिनीअरचा फोन लागत नव्हता.  आत शून्याकडे उतरत चाललेली थंडी, अंगावर सुती लुगडी, आणि वर ओल्या फरशीवर अनवाणी पाय. साडूभाऊ एकदम वळले आणि विजेच्या मोठ्या पॅनेलकडे गेले. शेठ मागून ओरडले, की मेन पाडू नका, मागच्या गोदामातला सगळा माल जाईल. साडूभाऊंनी उघड्या हाताने खटका खाली ओढला.

सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत एका दारामागून ठोकल्याचा आवाज आला, अगदी बारीक. वीज गेल्यामुळे मोटारीची पकड सुटली होती. आम्ही दार रेटलं. तिघी एका पोत्यावर एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. धाकटीचे ओठ निळे पडले होते, तिला बोलता येईना. तिला उन्हात नेलं, अंगावर घोंगडी घातली, गरम चहा पाजला. चहा पोटात गेल्यावर ती रडायला लागली, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

शेठ सगळ्यांना सांगू लागले, की लायटीचा घोळ झाला. साडूभाऊ उंबऱ्याशी बसले होते, ते तिथूनच म्हणाले, "लायटीचा नाही. मी चुकलो. दारं माझ्या हाताने बंद झाली." त्यांचं सगळं अंग लटलट कापत होतं. तिघींतली वयाने मोठी होती, ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग आपल्या अंगावरची घोंगडी तिने काढली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली.

"साहेब, गारठ्यात आम्ही व्हतो," ती म्हणाली. "तुमी कशाला कापताय?"

 संध्याकाळी साडूभाऊंनी ट्रिगर काढून टाकला, शेठना न विचारता. शेठनी तो पुन्हा बसवायला सांगितला नाही. मला वाटतं, तेही चांगलेच घाबरले होते. आठवड्याच्या आत सगळ्या दारांना आतून कड्या बसल्या. त्या कड्या साडूभाऊंनी एकेका खोलीत स्वतः कोंडून घेऊन उघडून पाहिल्या. मला बाहेर उभं केलं होतं आणि "जाऊ नका हं" असं प्रत्येक वेळी बजावलं होतं.

पुढच्या हंगामात मजुरांना घेऊन सुरगाण्याच्या जिपा आल्या, तेव्हा ते फाटकापाशी उभे होते. धाकटी आली होती, मोठी नव्हती. ती गुजरातकडे कामाला गेली, असं कळलं. त्याच्या पुढच्या वर्षीही आली नाही. साडूभाऊ मात्र दर वर्षी फाटकाशी जात, आणि कोणी विचारलं तर हवा खायला आलोय म्हणून सांगत.

आता ते निवृत्त झालेत. जानेवारी लागला, सुरगाण्याच्या जिपा यायला लागल्या, की मला म्हणतात, चला, दिंडोरी रस्त्याला चहा पिऊन येऊ. इंदिरानगरातले सगळे चहावाले ओलांडून आम्ही तिथवर जातो. मागच्या खेपेला माणसांनी खच्चून भरलेली एक जीप आमच्या समोरून गेली. साडूभाऊंनी हात वर केला. जिपेतून कोणीतरी हात हलवला. लुगड्याचा पदर तेवढा दिसला, चेहरा काही दिसला नाही. जीप वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहिले.

"बऱ्या आहेत," ते म्हणाले, आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.