दादांच्या वाटची फुंक

“फुंक,” हवालदार मला म्हणाला. गाडी मी चालवत नव्हतो.

स्टेअरिंगवर दादा होते. आमच्या गावचे पुढारी, माझे मालक. धारूरचं लग्न उरकून भरदुपारी परतत होतो. प्यायले की त्यांना स्वतः गाडी चालवायची हौस यायची, आणि मी पगारी ड्रायव्हर शेजारी बसायचो. नाकाबंदीवर हवालदारानं दारू तपासायच्या मशीनची नळी त्यांच्या नाकासमोरून नेऊन माझ्या तोंडाशी धरली.

“काहून? मी कुठं चालवतोय?”

दादा हसले. “फुंक बे. तुला ठेवलाय कशाला? साहेब, ह्यो लई शुद्ध माणूस हाय. थेंबाला शिवत न्हाई.”

फुंकलं. शून्य आलं. दोघंही हसले. रस्त्याकडेला एक मोटारसायकलवाला उभा होता, किल्ली काढून घेतलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा बाप दारूनं गेला. आई आम्हाला विहारात न्यायची. दारूला न शिवण्याचं पाचवं शील म्हणताना माझा हात घट्ट धरायची. तिच्या त्या हातामुळे मी कोरडा राहिलो. आणि दादांच्या घरी माझा चहाचा कप वेगळा, गोठ्याच्या भिंतीवर पालथा घातलेला. त्या घराला माझं तोंड फुंकण्यापुरतंच चालत होतं.

नाकाबंदीवर असं पुढेही होत राहिलं.

मग नेकनूरजवळ दादांनी सायकलवरच्या एका म्हाताऱ्याला उडवलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो पाणी मागत होता. दादांनी गाडीची किल्ली माझ्या खिशात कोंबली. “तू चालवत हुतास. तुझी फुंक साफ येती, सुटशील.”

पोलीस आले. नळी पुन्हा माझ्यापुढे.

मी किल्ली काढून बोनेटवर ठेवली. “साहेब, गाडी दादा चालवत होते. नळी त्यांच्या तोंडाला लावा.”

दादा हळूच म्हणाले, “तुझं घर कुणाच्या जागेत हाय, इसरलास?”

विसरलो नव्हतो. आई त्याच घरात होती. तरी नळीपुढे मी तोंड मिटून घेतलं. हवालदार ओरडला, माझी गचांडी धरली. मी फुंकलं नाही.

म्हातारा वाचला नाही. माझी नोकरी गेली, घरही गेलं. आई आता माझ्या बहिणीकडे असते, तिथून फोनवर रडते. तिचं रडणं मला सोसत नाही.

कोर्टात माझ्या साक्षीची तारीख लागली आहे. दादांची माणसं येतात, समजावतात, धमकावतात. मी त्यांच्याशी बोलत नाही. गाडी कोण चालवत होतं, हे सांगायला मी तोंड उघडणार आहे, आणि ते दादांच्या समोर.