लेकीला खांद्यावर घेणारा बाप

लीलाबाईला चौकशा फार. बाकीच्या बाया कोरेगावच्या बाजारातून मीठ-मिरची आणायच्या, ही वाचनालयातून गोष्टींची पुस्तकं आणायची. तीही आईबापांची, भावंडांची, रुसण्या-रडण्याची. संध्याकाळी म्हाताऱ्या भाऊसोंच्या घराच्या पुढच्या सोप्यात पोरं जमवून वाचायची आणि ऐन रंगात आलं की थांबून विचारायची, "त्यानं असं का केलं असंल रं?" स्वतः उत्तर द्यायची नाही. मला असा राग यायचा! अगं बाई, सांगून टाक की एकदाचं.

त्र्याहत्तर साली भाऊसोंचा लेक कृष्णात पलटणीतून सुट्टीवर आला. त्याची चार वर्षांची हरणा त्याला बघितलं की चुलीमागं लपायची. पोरीचं तरी काय चुकलं? तिनं बाप बघितलाच होता किती! त्यात आमच्याकडची रीत अशी, की वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं पोर घ्यायचं नाही. चुलत्यानं घ्यावं, मामानं नाचवावं, बापानं तिकडं बघायचंही नाही. आणि भाऊसो तर दिवसभर सोप्यातच बसलेले. सुट्टी संपत आली. लेक जवळ यावी म्हणून कृष्णातचा जीव तुटत होता, पण सांगणार कुणाला?

तो जायच्या आदल्या संध्याकाळी लीलाबाईनं चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात एक माणूस पोरीला खांद्यावर बसवून जत्रेला निघालेला. हा कोण, असं तिनं विचारलं. पोरं एका सुरात म्हणाली, चुलता. खाली बाप लिहिलंय म्हटल्यावर अर्जुना नावाचं कारटं म्हणालं, मग छापणाऱ्याचं चुकलं. बाकीच्यांनाही ते पटलं.

लीलाबाई गावचीच लेक, तिला कसली भीड? ती भाऊसोंकडं वळली.

"आवं भाऊसो, बाप का न्हाई घेत?"

मला वाटलं, आता म्हातारा पुस्तकासकट हिला बाहेर काढतोय. कृष्णात खाली मान घालून ट्रंकेला दोरी बांधत होता. भाऊसोंनी पुस्तक हातात घेऊन ते चित्र बघितलं.

"कृष्णात, पोरीला घे."

तो जागचा हलेना.

"घे म्हणतोय न्हवं? माझ्यादेखत घे. तू ल्हान हुतास तवा माझा बा हितं बसल्याला असायचा. मी तुला कवाच घेतलं न्हाई, रं."

कृष्णातनं हरणाला उचललं. तिनं भोकाड पसरलं, हातपाय झाडले, त्याची टोपी पाडली. त्यानं काही तिला खाली ठेवलं नाही.