डावा पाय, उजवा रकाना

आत्या कारखान्यातल्या सगळ्यांचीच आत्या होती. खरं नातं फक्त मालकाशी, तो तिच्या भावाचा मुलगा. पण तिला दुसऱ्या नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. कारखाना तसा लहानच. पुढे मापं घ्यायची खोली, मागे कातडं कापायचं लांब टेबल आणि दोन्हीकडे चिकटवणीचा वास. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी इथे बूट बनत. मापं संगणकावर उतरवायचं काम आत्याचं. भाच्याने त्यासाठी केलेली शीट वर्षानुवर्षं मारुतीच्या शेपटीसारखी वाढत गेली होती.

नवी नोंद करायची म्हणजे आत्या पहिल्या ओळीपासून निघे. माउसचं चाक बोटाने फिरवत, नावं वाचत, सावकाश खाली. हिचं लग्न झालं, हा आता ट्रक चालवतो, ही अजून बुटाला पॉलिश करत नाही, असं पुटपुटत जाई. भाच्याने तिला एका झटक्यात शेवटच्या ओळीवर नेणारी बटणं दाखवली, नाव टाइप करून ओळ शोधायची खिडकीही दाखवली. आत्याने एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं. ओळखीच्यांच्या दारावरून न बघता पळत सुटायचं, हे तिला पटत नसे. खाली पोचेपर्यंत चहा पार निवायचा. तो तसाच पिऊन ती कामाला लागायची.

खाली पोचेपर्यंत रकान्यांची नावं मात्र वरच राहून जायची. आत्याचं त्यावाचून काही अडत नव्हतं. नाव, मग डाव्या बुटाला द्यायची उंची, मग उजव्याची, हे तिला तोंडपाठ होतं.

मग कारागिरांनी उजव्याचा रकाना आधी मागितला, कारण ते उजवा बूट आधी कापत. भाच्याने अदलाबदल केली आणि आत्याला तसं सांगितलंही. तिने मान डोलावली. बोटांनी काही ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतरची पहिलीच नोंद शिंपीणबाईंच्या मुलीची होती. पोरीचा डावा पाय जरासा आखूड होता. शाळेत वर्गाचा फोटो निघणार होता आणि तिला त्यात सरळ उभं राहायचं होतं. हे तिने माप देताना आत्याला निदान तीनदा ऐकवलं होतं. बूट आले, पोरीने घातले, आरशासमोर उभी राहिली आणि पूर्वीपेक्षा जास्त कलली. जाड टाच उजव्या बुटाला होती.

पोर रडली नाही. तिने खाली बघितलं आणि विचारलं, "माझा पाय आणखी आखूड झाला का?"

बूट चुकीचे झालेत, उद्या दुसरे देतो, असं भाच्यानेच शिंपीणबाईंना सांगितलं. मायलेकी गेल्या. आत्याने कपाटाच्या किल्ल्या कमरेच्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या.

"उद्यापासून दुसरं माणूस बघ," ती म्हणाली. "पोरीला स्वतःच्याच पायाचा संशय यावा असं काम माझ्या हातून झालं."

भाच्याने किल्ल्यांना हात लावला नाही. तो तिच्या खुर्चीत बसला, वरच्या मेनूत काहीतरी निवडलं आणि तिला चाक फिरवायला सांगितलं. नावं भराभर वर सरकत गेली, पण रकान्यांची ओळ खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी राहिली. अगदी तळाशी गेलं तरी वर लिहिलेलं दिसत होतं: उजवा, डावा.

"इतकं सोपं होतं?"

"चार वेळा सांगितलंय, आत्या."

"मग पाचव्यांदा सांगायला तुझी जीभ झिजली असती का?" असं म्हणत आत्याने किल्ल्या उचलून परत कमरेला लावल्या. मग आकडा योग्य रकान्यात टाकून ती स्वतः मागच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि कापणाऱ्याचा जीव खाऊन नवा जोड करून घेतला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. बुटांना हात लावण्याआधी आत्याने पोरीला शेजारी बसवलं, खिडकीत तिचं नाव टाइप केलं आणि वाटेत कुणालाही न भेटता थेट तिच्या ओळीवर पोचली. वर काय लिहिलंय ते वाच, म्हणाली. पोरीने आपल्या आकड्यावरून बोट सरळ वर नेलं आणि वाचलं, "डावा."

"आधी हा आकडा मी शेजारच्या रकान्यात टाकला होता."

पोरीने दोन्ही रकाने नीट पाहिले. "म्हणजे माझा पाय चुकला नव्हता?"

"नाही गं बाई. तुझा पाय होता तस्साच आहे. आत्या चुकली होती."

"मग ठीक आहे," पोर म्हणाली. तिने बूट घातले आणि आरशाकडे न बघताच दारातून धावत सुटली.