आधी सत्कार, मग बाग

"जग आपली वाट बघतंय!" असं म्हणून अध्यक्ष आपलं कार्ड दोन्ही हातांनी पुढं करायचे आणि कमरेत वाकायचे. जपानात असं करतात म्हणे. अध्यक्ष जपानला कधी गेले नव्हते, एकदा सहलीबरोबर दुबईला तेवढे जाऊन आले होते. पण दौंड स्टेशनावरच्या चहावाल्यालाही त्यांनी असंच वाकून कार्ड दिलं होतं, आणि तो बिचारा किटली खाली ठेवून उभाच राहिला होता.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत परदेशी व्यापार, परदेशी गुंतवणूक आणायची म्हणून त्यांनी मंडळ काढलं होतं. मंडळाचं नाव एवढं लांब, की पाटी खताच्या दुकानावरून निघून शेजारच्या सलूनपर्यंत पोचायची. आत भिंतीवर जगाचा नकाशा, दौंडला लाल टाचणी आणि तिथून सगळ्या खंडांकडं गेलेले दोरे. ते दोरे सोडले तर मंडळातून परदेशी काही गेलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, म्हणून मंडळाचा दुभाषी झालो होतो.

तुमच्याही गावात असा एखादा अध्यक्ष असेलच. त्याला काम नको असतं, कामाचं उद्घाटन हवं असतं. आमच्या अध्यक्षांचा सगळा जीव सत्कारात. शाल, श्रीफळ, फेटे गाडीच्या डिकीत कायम भरलेले. मला त्या माणसाची मनापासून चीड यायची. का, ते सांगतो.

कवठे येमाईला एक आबा होते. आजोबांपर्यंत त्यांचं घर मेंढरांमागं फिरलेलं. आबांनी माळ फोडून डाळिंब लावलं, आणि त्या साली बाग पहिल्यांदा लगडली. मुलगा घरात सांगून बसला होता, "माल भायेर देशी गेला तर शेती करीन, न्हाईतर कंपनीत चाललो." अध्यक्षांनी आबांना शब्द दिला, की हॉलंडचे खरेदीदार थेट बागेत आणतो, तोवर फळ तोडू नका. आबांनी दारात आलेला व्यापारी परत पाठवला.

पाहुणे सकाळी पुण्याहून निघाले. दोघंच होते, उन्हानं लालबुंद झालेले, आणि त्यांना डाळिंबाखेरीज कशातच रस नव्हता. पण सरळ कवठ्याला न्यायचं सोडून अध्यक्षांनी त्यांना भलत्याच दिशेला, दौंडला आणलं, कारण हेडऑफिस दौंडला. वाटेत वरवंडला हलगी लावून पहिला सत्कार झाला. दौंडात दुसरा. तिथं व्यासपीठावरच्या प्रत्येकाला पाहुण्यांच्या हस्ते शाल द्यायची होती, आणि खाली ऐकायला होती त्याहून जास्त माणसं व्यासपीठावर होती. शाल घेणारा प्रत्येक जण आभाराचं भाषण ठोकत होता.

एक पाहुणा घसरता फेटा सावरत मला विचारू लागला, बाग कधी बघायची? मी अध्यक्षांच्या कानाला लागलो.

"बाग कुठं पळून चाललीय सर? शिरूरला मंडळी खोळंबलीत."

"अध्यक्ष, आज रात्रीच त्यांचं विमान आहे."

"मग काय पाहुण्याला मान न देता चिखलात नेऊ? काय म्हणतील लोक?"

शिरूरचा सत्कार संपला तेव्हा दिवस मावळला होता. पाहुणे शाली घेऊन विमानतळाकडं गेले. पेपरात फोटो झकास आला.

दुसऱ्या दिवशी मी कवठ्याला गेलो. बांधाची वाट झाडून लख्ख केलेली, झाडाखाली नवी घोंगडी अजून तशीच अंथरलेली. आबा म्हणाले, "वाटंत गाडी बंद पडली व्हय सर?" मी खरं ते सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांनी घोंगडी झटकली आणि घडी घातली. परत पाठवलेला व्यापारी पुन्हा फिरकला नाही. फळं झाडावरच तडकली, ती भावकीच्या मेंढरांनी खाल्ली. मुलगा कंपनीत लागला. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू. जग आपली वाट बघतंय."

काही वर्षांनी अध्यक्ष गेले. दशक्रिया भीमेच्या घाटावर होती. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तिथंही माइक होता, कर्णे होते आणि वक्त्यांची रांग होती. समोर पिंड ठेवलेला, शेजारी त्यांच्या आवडीच्या पुरणपोळ्या. कावळा बाभळीवरून खाली झेपावला, की वक्ता "साहेबांचं स्वप्न!" म्हणून ओरडायचा, आणि कावळा पुन्हा फांदीवर. उन्हात घरची माणसं रडकुंडीला आली होती.

गर्दीत आबा दिसले. मला नवलच वाटलं.

"आबा, तुम्ही कशाला आलात?"

"बागंत येतो म्हणलं व्हतं त्यांनी. आले न्हाईत. म्हणून मीच घिऊन आलो."

त्यांनी पिशवीतून डाळिंब काढलं, फोडून पिंडाशेजारी ठेवलं. मग वक्त्याच्या हातातला माइक खाली करून म्हणाले, "आधी पाव्हण्याला जेवू द्या. भाषणं मागनं करा."

घाटावर पहिल्यांदाच शांतता झाली. कावळा उतरला. पोळ्यांना चोच न लावता त्यानं डाळिंबाचे दाणे टिपले, आणि सगळ्यांचे हात जोडले गेले.

आबा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "बघा सर, शेवटाला एक तरी पाव्हणा आला माझ्या डाळिंबापत्तुर."